मऊ टायर झिजू नये म्हणून

पेणला लोक गणपतीच्या मूर्ती बघायला जातात, पोह्याचे पापड आणायला जातात, नाहीतर अलिबागच्या वाटेवर चहाला थांबतात. मी पेणला टायर झिजवायला गेलो होतो. हे सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, म्हणून मी सहसा सांगत नाही. पण त्या प्रवासातून आलेलं एक पोस्टकार्ड अजून माझ्या खणात आहे आणि ते हाताला लागलं की माझा अख्खा दिवस नासतो. तेव्हा एकदाचं लिहून मोकळा होतो.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी टायरच्या कारखान्यात, रबराची मिश्रणं करणाऱ्या खात्यात होतो. जोरात पळणाऱ्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींचं तेव्हा कॉलेजच्या पोरांना भयंकर वेड होतं. गाड्या पळायला लागल्या, पण टायर राहिले जुनेच, दूधवाल्याच्या गाडीला शोभतील असले. यातली मेख सांगतो. रबर मऊ केलं की ते रस्ता धरतं, पण भराभर झिजतं. कडक केलं की वर्षानुवर्षं चालतं, पण ओल्यात ब्रेक मारला की गाडी तुमचं ऐकत नाही. धरणारा आणि तरी टिकणारा असा एक टायर करायचा म्हणून मी आठ वर्षं काजळी, तेल आणि गंधक घोटत बसलो होतो. पुण्यात माझ्या शेजारच्यांनी तेवढ्यात बंगले बांधले. माझ्याकडे वास मारणारे शर्ट जमले.

शेवटी एक टायर जमल्यासारखा वाटला. मोठे साहेब म्हणाले, आपला नेहमीचा कडक आणि तुमचा हा मऊ, दोन्ही एकाच रस्त्यावर चालवून बघा; झीज जवळपास सारखी आली तर तुमचा टायर बाजारात, नाही आली तर फाइल बंद. रस्ता मीच निवडला, पेण ते रोहा, नागोठणे आणि कोलाडवरून. त्यात गुळगुळीत डांबर होतं, खडी होती, वळणं होती, खाडीची ओल होती. आणि महत्त्वाचं म्हणजे मोठे साहेब तिथून लांब होते.

पेण, पहिले दोन दिवस

फेब्रुवारीचा महिना. लॉजच्या खिडकीखाली मूर्तींचा कारखाना होता. पांढऱ्याफटक मूर्ती ओळीनं वाळत ठेवलेल्या, एकीलाही डोळे काढलेले नव्हते. रोज सकाळी दात घासताना त्या शे-दीडशे आंधळ्या गणपतींसमोर मी उभा असायचो. आमच्याकडे गणपती घरी येतो तो रंगून, सजून येतो. इथे त्याचं सगळं बाळंतपण उघड्यावर चालतं. मला ते बघून उगाच उदास वाटायचं.

चालवायला माणूस हवा होता. बाजारातल्या टायरच्या दुकानात चौकशीला गेलो, तर दुकानदारानं आधी माझा टायर मागितला आणि अंगठ्याचं नख त्यात दाबलं. नख रुतलं. त्यानं टायर परत माझ्या हातात दिला. म्हणाला, "इथं गिऱ्हाईक असंच बघतं. नख गेलं की टायर खाली ठेवतं. किती चालंल ते इचारतात, धरंल का म्हणून कोन इचारत नाय." आठ वर्षांचा निकाल त्यानं अर्ध्या मिनिटात लावला. मला राग आला, पण तो खोटं बोलत नव्हता.

त्यानंच मला धर्माचं नाव सांगितलं. धर्मा म्हात्रे, तिशीचा, काटकुळा, खाडीकाठच्या गावातला. घरचे सगळे मिठागरात राबणारे, आणि हा आपल्या जुन्या मोटारसायकलला बर्फाची पेटी बांधून खाडीची मासळी पेणच्या बाजारात पोचवायचा. रस्त्याचा खड्डान्‌खड्डा त्याला पाठ. दहा-अकरा दिवस मासळीचं काम भावानं बघायचं असं ठरलं. मी काम समजावलं: कंपनीच्या दोन सारख्या गाड्या आहेत, सकाळी एक रोह्यापर्यंत न्यायची आणि आणायची, जेवून दुसरी न्यायची आणि आणायची. माणूस तोच, रस्ता तोच, फक्त टायर वेगळा. मऊ टायरच्या गाडीला मी टाकीवर पिवळी पट्टी मारली होती.

"रोह्याहून आनायचं काय?" त्यानं विचारलं.

काही नाही, नुसते टायर झिजवायचे, मी म्हणालो. त्याला ते पटेना. चांगली नवी वस्तू, आणि मुद्दाम झिजवायची? त्यानं हा प्रश्न मला दोन-तीनदा फिरवून फिरवून विचारला. मी मनात म्हटलं, अडाणी आहे. माझं शिक्षण जास्त होतं ना.

मिठाचं वळण

खाडीकडून मिठाचे ट्रक हमरस्त्याला लागतात तिथे एक वळण आहे. ट्रकातून मीठ सांडतं, पहाटेच्या दवात ते पाणी ओढतं, आणि सकाळी आठपर्यंत तेवढाच रस्ता तेल ओतल्यासारखा चकचकीत असतो. बाकी सगळीकडे खडखडीत कोरडं. अनोळखी माणूस तिथे हमखास आपटतो. मी धर्माला म्हटलं, इथे वेग तोच ठेवून दोन्ही गाड्यांचे ब्रेक मारून दाखव.

कडक टायरची गाडी शेपूट हलवत पुढे गेली. थांबली तिथपर्यंत मी पावलं मोजली, सव्वीस भरली. पिवळ्या पट्टीची गाडी सोळात उभी. धर्मा गाडीवरून उतरला, खाली बसला, मऊ टायरवरून त्यानं हात फिरवला.

"धरतंय ओ सायब," तो म्हणाला. "मानसानं हात धरावा तसं."

आठ वर्षांत माझ्या टायरबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं. कारखान्यात नाही, घरी नाही. आणि मग मी जे नको ते केलं, मोकळेपणानं बोललो. त्याला सांगितलं की हा टायर माझा आहे, यात माझी आठ वर्षं गेलीत, आणि याच्यावर माझं सगळं आहे. वर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "जपून हं, धर्मा."

सगळं बिघडलं ते या एका शब्दानं. मला त्याचा पत्ता लागायला आठ दिवस गेले.

रोहा आणि अष्टमी

पहिल्या फेरीला मी कडक टायरच्या गाडीवर मागे बसून गेलो. नागोठण्यापर्यंत रस्ता बरा. कोलाडला हमरस्ता सोडून आत वळलं की पुढे दोनेक किलोमीटर रस्त्याचं काम निघालेलं, नुसती टोकदार खडी पसरलेली. टायर झिजवायला याहून चांगली जागा नाही, मी खूश झालो. रोह्याला पोचलो तेव्हा कुंडलिकेवर धुकं होतं. स्टेशनापलीकडे कोकणात जाणाऱ्या नव्या रेल्वेच्या कामाची माणसं रुळांच्या ढिगाऱ्यावर बसून न्याहारी करत होती. पूल ओलांडला की अष्टमी. तिथे पुलाच्या तोंडाशी एका मावशींची चहाची टपरी होती, तीच आमची परत फिरायची खूण.

मावशी पन्नाशीच्या, नवरा कंपनीत शिफ्टला जाणारा. त्यांना मी एक वही दिली. धर्मा आला की वेळ लिहायची आणि सही करायची. पुण्यात असं काम सांगितलं असतं तर दहा प्रश्न आले असते. मावशींनी फक्त पेन चालतंय का ते बघितलं आणि वही साखरेच्या डब्यावर ठेवली. त्यांच्या चहात आलं इतकं असायचं की जिभेला चटका बसायचा. सोबत कालचा पाव, तव्यावर तेल सोडून भाजलेला. मी तो एकदा खाल्ला आणि पुढे पोटासाठी ओवा चावत बसलो.

मग रोजचं चक्र सुरू झालं. संध्याकाळी धर्मा यायचा, मी लॉजच्या ओट्यावर टायरच्या नक्षीची खोली मापायचो आणि आकडे लिहायचो. तिसऱ्या दिवसापासून माझा माझ्यावर विश्वास बसेना. मऊ टायर कडक टायरइतकाच झिजत होता. एक दिवस तर किंचित कमीच. मी मापाची पट्टी पुसून पुन्हा मापलं, मग धर्माला मापायला लावलं. तोही हसला, माझ्याहून जास्त खूश दिसला.

वही धर्मा सकाळी मावशींकडे ठेवायचा आणि संध्याकाळी माझ्याकडे आणायचा; पेणहून निघायच्या आणि परतायच्या वेळाही तो त्यातच टाकायचा. वेळा त्यात होत्या. मी त्या बघितल्या नाहीत, कारण मापाची पट्टी जे दाखवत होती तेच मला हवं होतं.

रविवार, धर्माच्या घरी

रविवारी फेरी नव्हती. धर्मानं दुपारी पोपटीला बोलावलं. वालाच्या शेंगांचा हंगाम संपत आला होता, त्यानं कुठून कुठून शेवटच्या जमवल्या होत्या. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर शेंगा, ओवा, मीठ, मध्ये अंडी नाहीतर कोंबडीचे तुकडे. मग मडकं उपडं करून भोवती जाळ लावायचा. मी शाकाहारी हे त्याला कळलं होतं. माझ्यासाठी वेगळं छोटं मडकं आणलेलं, कोरं, आणि ते भाजलं दहा हात लांब, वेगळ्या जाळावर, वारा कुठून येतो ते बघून. कोंबडीचा धूरसुद्धा माझ्या शेंगांना लागू नये म्हणून.

त्याची आई अंगणात मिठाची पाटी निवडत बसली होती. सुनेला म्हणाली, "सायबाला केलीचं पान दे गो, आमच्या ताटात नको." मी म्हटलं, अहो चालेल. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी पान पुढ्यात ओढलं. ते कोरं मडकं आणि ते पान बघून तरी मला कळायला हवं होतं, की ही माणसं दुसऱ्याचं काहीही हाती आलं की त्याला आपला डागसुद्धा लागू देत नाहीत. मला कळलं नाही. शेंगा मात्र अप्रतिम होत्या, मी ढेकर देईपर्यंत खाल्ल्या.

सोमवारी मी बाजारातल्या एसटीडी बूथवरून मोठ्या साहेबांना फोन लावला आणि सांगितलं की दोन्ही सारखे झिजतायत. मग ते म्हणाले, "शाबास." आठ वर्षांतली पहिली शाबासकी. बूथमधून बाहेर आलो आणि त्या आंधळ्या गणपतींनासुद्धा नमस्कार केला.

पुन्हा अष्टमी, आठवा दिवस

दिव्याहून येणाऱ्या पॅसेंजरनं मी रोह्याला गेलो. मावशींचे आभार मानावेत, एक साडी द्यावी, एवढाच बेत. मावशींनी साडी घेतली, चहा टाकला, आणि सहज म्हणाल्या की पिवळ्या पट्टीची गाडी फार बिघडते का हो.

मी म्हटलं, नाही, का?

"मग हातानं ढकलत का आनतो तो? दुसऱ्या गाडीवर येतो तवा धुरला उडवत येतो. ह्या गाडीवर आला की आजारी बैल आनावा तसा चालत येतो. मी म्हनलं, पेट्रोल नसंल."

मी वही उघडली. एका फेरीला जाऊन-येऊन पावणेतीन तास, दुसरीला सव्वाचार. रोज. मी टपरीच्या बाकावर बसून राहिलो. माझा चहा निवला आणि मावशींनी तो न विचारता बदलला.

तासाभरानं धर्मा आला. पुलावर गाडीच्या शेजारी चालत, हँडल दोन्ही हातांनी धरून. त्याच्या पायात ट्रकच्या टायरचे तळ ठोकलेल्या चपला होत्या, तसल्या तिकडे सगळेच घालतात. पहिल्या दिवशी त्या बोटभर जाड होत्या. आता टाचा भुईला लागत होत्या. मी मिलिमीटरचे दशांश मोजत बसलो होतो आणि झीज सगळी तिथे होती.

मी खेकसलो. सगळ्या टपरीसमोर त्याला विचारलं की हा काय प्रकार आहे. त्यानं स्टँड लावला, घाम पुसला, आणि लपवाछपवी काही केली नाही. खडीवर, आणि बाजूला माती नसलेल्या पुलावर, तो ढकलत न्यायचा. इतर ठिकाणी डांबर सोडून बाजूच्या मऊ मातीतून चालवायचा. ब्रेक म्हणून मारायचा नाही, लांबूनच वेग सोडायचा आणि शेवटी पाय घासून थांबवायचा. किलोमीटर तर ढकलतानाही पडतातच, तेव्हा त्यात त्यानं काही चोरलं नव्हतं. कडक टायरचं त्याला काही वाटत नव्हतं, तो कंपनीचा होता.

"तुमीच बोललाव ना जपून," तो म्हणाला. "आठ वरसं हायत त्याच्यात. माज्या हातानं झिजलं असतं तर?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता येईना. त्यानं रोज चार किलोमीटर माझा टायर हातानं ढकलला होता, माझ्यासाठी, आणि त्याच पायांनी माझी आठ वर्षं पुसून टाकली होती. काय करायचं अशा माणसाचं?

परत येताना मी त्याच्या मागेच बसलो. वाटेत एक विचार आला, लपवत नाही. मोठ्या साहेबांना आकडे कळलेत, ते खूश आहेत. मावशी पुण्याला येणार नाहीत आणि धर्मा मी म्हणेन ते सांगेल. गप्प बसलो तर टायर माझा. पण मग वर्षभरात शेकडो पोरांचे टायर गुळगुळीत होणार, आणि ती बिचारी अजून धरतोय या भरवशावर वळणात घुसणार. नागोठण्यापर्यंत हा विचार माझ्याबरोबर होता. नंतर गेला. मी फार थोर म्हणून नाही. आपल्या टायरवरून कुणी आपटलं तर ते बघायची माझी छाती नव्हती.

पुढचे तीन दिवस मी मऊ टायरच्या गाडीवर धर्माच्या मागे बसून फेऱ्या केल्या. खडीतून, डांबरावरून, ब्रेक मारत. प्रत्येक ब्रेकला धर्माचे खांदे आखडायचे. तिसऱ्या संध्याकाळी मापलं. मऊ टायर कडक टायरच्या तिप्पट वेगानं झिजत होता. मी बूथवर जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं आधीच कळलं. फाइल बंद.

धर्मा बाहेर थांबला होता. माझा चेहरा बघून त्याला कळलं. "माज्यामुलं झालं," म्हणाला. मी म्हटलं, नाही रे, टायरच तसा होता. ते खरंच होतं, पण त्याला पटलं नाही.

चाचणीचे टायर परत कारखान्यात न्यायचे असतात, तिथे ते कापून टाकतात. पण मऊ टायरची एक कोरी जोडी शिल्लक होती, केसही न झडलेली. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्येच झडतात. ती जोडी मी धर्माला दिली. त्याच्या जुन्या गाडीचे टायर माझ्या टकलाइतके गुळगुळीत झाले होते. त्याला निक्षून सांगितलं, हे घाल, मिठाच्या वळणाला कामी येतील, झिजू देत बिनधास्त. तो व्हय म्हणाला. टायर त्यानं तान्ह्या पोरासारखे छातीशी धरले होते, तेव्हाही मला काही कळलं नाही.

पुढच्या वर्षी

पुढच्या वर्षीच्या श्रावणात पोस्टकार्ड आलं, धर्माच्या बायकोच्या हातचं. मजकूर एवढाच: "यांची मोटारसायकल मिठाच्या वळणाला पावसात घसरली. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणतात पाय आखूड राहील. तुमचे टायर सुखरूप आहेत, काळजी नसावी."

मी ते कार्ड पाच-सहा वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. या वेळी मूर्तींना रंग चढला होता, बऱ्याचजणींचे डोळेही झाले होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

धर्मा पडवीत खाटेवर होता, पाय उशीवर. मला बघून उठायची धडपड केली. गाडी विकली होती, मासळी भाऊच पोचवत होता. मी विचारलं, टायर का नाही घातलेस? त्यानं बायकोला खूण केली. ती आत गेली, स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या माळ्यावरून तिनं एक गाठोडं उतरवलं, जुन्या लुगड्यात बांधलेलं. धर्मानं ते मांडीवर घेऊन स्वतः सोडलं. दोन्ही टायर तसेच होते. केस न्‌ केस शाबूत.

"तुमची आठ वरसं हायत सायब," तो म्हणाला. "मासळीच्या गाडीला घासायची कशी?"

म्हातारी दारात उभी होती. तिनं सांगितलं की दर अमावास्येला तो ते उतरवून पुसायचा.

रबराचं एक असतं. ते रस्त्यावर झिजतं, आणि नाही झिजवलं तर नुसतं ठेवूनही कडक होत जातं. चुलीच्या वर, धुरात आणि आचेत, तर फार लवकर. मी हात पुढे केला आणि सवयीनं अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं नाही. नुसतं घसरलं. दीड वर्षात माझा मऊ टायर बाजारातल्या कुठल्याही टायरसारखा झाला होता. आता तो धरणारही नव्हता.

धर्मा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याचा पाय गेला होता, गाडी गेली होती, आणि हे एवढं त्यानं वाचवलं होतं.

मी लुगड्याची गाठ पुन्हा बांधली.

"छान जपलंयस," मी म्हणालो.